पंख्याच्या दोन तारा

नवसावर माझा विश्वास नव्हता. ख्रिस्ती नन्सच्या शाळेत रोज सकाळी इंग्रजीत प्रार्थना म्हणायचे, घरी आईच्या देवघरात हात जोडायचे. दोन्हीकडे ओठ हलायचे, एवढंच. अर्धांगवायूनं आईची डावी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि तिनं माहूरच्या रेणुकेला भेटायचं मनात घेतलं, तेव्हा मला त्यात फक्त अडचणी दिसल्या.

ही महाराष्ट्राचं नवं राज्य होण्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आईला एस.टी.त बसवणं शक्य नव्हतं. बाबा यवतमाळला जिनिंग फॅक्टरीत व्यवस्थापक होते. फॅक्टरीचा जुना फौजी ट्रक होता, आणि पडवीत चाकांवरची एक पत्र्याची खोली, पूर्वी कुणा जमीन-मोजणीवाल्यांच्या तंबूबरोबर फिरलेली. खोली ट्रकमागे जोडायची, आईला आत निजवून न्यायचं, असं ठरलं. डॉक्टरांनी मात्र बजावलं की उन्हाची झळ हिला सोसणार नाही. बाबा माघार घेत होते. तेव्हा मीच म्हणाले, "आत पंखा लावू. मी लावते."

माझ्याजवळ एक इंग्रजी पुस्तक होतं. ट्रकला सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या, दोन्ही मिळून बारा. जुन्या मोटारीतून काढलेला आमचा पंखा सहाचा. म्हणून मी पंख्याच्या आणि दिव्याच्या तारा एकाच बॅटरीला जोडल्या. पंखा फिरू लागला. ड्रायव्हर वामनराव म्हणाले, "बाई, एकडाव मिस्तरीले दाखवू ना?" मी पुस्तक मिटून म्हणाले, "गरज नाही." मी बोलते थोडं, पण जे बोलते ते फार खात्रीनं. तो माझा दोष आहे.

रात्रीचा मुक्काम आर्णीला केला. आईला उकडू नये म्हणून पंखा चालूच ठेवला. दुसऱ्या दिवशी आर्णीच्या बऱ्याच पुढे एका ओढ्यापाशी जेवायला थांबलो, तेव्हाही तो चालू होता. जेवण संपेपर्यंत त्याची पाती मंदावली आणि थांबली. ट्रक सुरू होईना. वामनरावांनी हँडल मारून मारून सदरा भिजवला. डोक्यावर ऊन, आणि पत्र्याच्या खोलीत आई. सावलीचं झाड दूर होतं, आणि बाजेशिवाय आम्हा तिघांना तिला उचलून तिथवर नेणं जमणार नव्हतं. तिच्या ओठांचा रंग बदललेला मी पाहिला.

बाबा वामनरावांवर ओरडू लागले, "गाडी तपासून आणता येत नाही? परत गेल्यावर तुमची नोकरी राहील असं समजू नका." वामनराव खाली मान घालून म्हणाले, "साहेब, निंगतानी ठीक होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चूक तारांची आहे हे मला कळलं होतं. मी गप्प होते. मी मनात म्हटलं, कुणीतरी येऊ दे. आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर काही मागितलं.

थोड्या वेळानं ओढ्यावर बैलांना पाणी पाजायला जवळच्या बंजारा तांड्यातले एक गृहस्थ आले. पांढऱ्या मिशा, लाल फेटा. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेच्या ट्रकवर होते. त्यांनी बॅटऱ्यांवर वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे कोनं जोडलं?"

बाबांनी वामनरावांकडे बोट केलं.

"मी," मी म्हणाले. "मी जोडलं. यांनी मिस्तरीला दाखवू म्हटलं होतं. मी ऐकलं नाही."

बाबांचा हात तसाच राहिला. म्हातारे हसले नाहीत. "पोरी, साऱ्या गाड्याचं वझं एकाच बैलाच्या मानेवर देल्लं तू. दुसरा नुसता संगं चालून राह्यला. मंग थो बसनारच खाली." त्यांनी माझ्या तारा सोडवल्या. "याले तासभर इसावा द्या. पयले याडीले सावलीत न्या." याडी म्हणजे आई.

त्यांच्या हाकेसरशी तांड्यातल्या बाया आल्या. चौघींनी आईला बाजेवर घालून लिंबाखाली नेलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, पत्र्यावर ओली पोती पसरली. एकीनं मला विचारलं, "कायले रडून राह्यली? जित्ती हाये तुही माय." मी रडत होते हे मला माहीत नव्हतं.

मग खोली सोडवून चार बैलजोड्या ट्रकला जुंपल्या. "फौजेचा ट्रक, आन् वढतीन आमचे बैलं!" म्हाताऱ्यांनी वामनरावांना टोमणा मारला. ओढ्यापुढचा चढ संपल्यावर बैल सोडले, ट्रक उतारावर घरंगळला, दोन आचके देऊन सुरू झाला. वामनरावांनी तो मागे आणून खोली पुन्हा जोडली. बाबांनी वामनरावांची माफी मागितली, सगळ्यांदेखत.

संध्याकाळी पंख्याविना, ओल्या पोत्यांच्या गारव्यात, आई सुखरूप माहूरला पोचली. सकाळी तिला डोलीतून पायऱ्यांनी वर देवळात नेलं. दर्शन झाल्यावर तिनं उजव्या हातानं माझं मनगट धरलं आणि जड जिभेनं शब्द जुळवत म्हणाली, "आतून... ऐकलं मी. बरं झालं... बोललीस."

त्या गृहस्थांना बैलांना पाणी पाजायला रोजच तिथे यावं लागत असेल. मी याला चमत्कार म्हणत नाही. पण मी कुणीतरी यावं म्हणून मागितलं, आणि आलेल्या माणसानं पहिला प्रश्न तोच विचारला ज्याचं उत्तर मी दाबून धरलं होतं. माहूरच्या त्या पायऱ्यांवर मी हात जोडले. ओठ हलले नाहीत.