लीलंडच्या शेतातली वाकडी ओळ

आर्डिस हॉवलंडला प्रश्न विचारायची खोड होती. आमच्या भागात ही काही चांगली खोड समजत नाहीत. इथली माणसं हवेबद्दल बोलतात, मक्याच्या भावाबद्दल बोलतात आणि उरलेलं मनात ठेवूनच मरतात. आर्डिस मात्र माझ्या कॅफेचं दार ढकलतानाच विचारणार, "काल डॉक्टरची गाडी कुणाकडे गेली होती गं?" उत्तर मिळेपर्यंत कोट काढायची नाही.

तिचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे शाळेत तिच्याच वर्गात असलेला लीलंड स्कार. आमच्याकडे माणसाची पत त्याच्या पेरणीच्या ओळींवरून ठरते. लीलंडच्या ओढ्याकाठच्या शेतातल्या ओळी सुतासारख्या सरळ जायच्या आणि मध्येच एका जागी पोट सुटल्यागत बाहेर वळायच्या. आत राहायचा गवताचा एक तुकडा.

"काय लीलंड, यंदाही पेरताना नेमकी तिथेच शिंक आली का रे?" आर्डिस दर वर्षी विचारायची. सगळे हसायचे. लीलंड "हं" म्हणायचा आणि कॅरॅमल रोल खात राहायचा.

मे संपता संपता, गेलेल्या माणसांच्या आठवणीच्या दिवशी, आर्डिस कॉफीच्या रिकाम्या डब्यात पिओनीची फुलं घालून हायवेवरच्या फलकापाशी ठेवायची. काउंटीतलं पहिलं घर इथे उभं राहिलं आणि त्या घरातली इंगा नावाची सहा वर्षांची चिमुरडी इथेच पुरली, असं फलकावर लिहिलंय. ("पहिलं कसलं? इथले मूळचे डकोटा लोक काय झाडावर राहत होते?" हेही आर्डिसच म्हणायची.) इंगा ही तिच्या आजीची थोरली बहीण. आजी इंगा गेल्यावर जन्मली. तिने तिला कधी पाहिलंही नव्हतं. तरी मरताना तिने आर्डिसचा हात धरून सांगितलं होतं, "इंगाला एकटी ठेवू नकोस."

मग हायवे रुंद करायचं निघालं. फलक काढायला माणसं आली तेव्हा आर्डिस कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हळू खणा. खाली आमची पोर आहे."

मुकादम चांगला माणूस होता. त्याने कुदळ बाजूला ठेवून फावड्याने हलकेच माती काढली. खडी निघाली, सोड्याच्या बाटल्यांची झाकणं निघाली, पुन्हा खडीच. "बाई," तो म्हणाला, "हा सगळा भराव आहे. रस्ता बांधताना ट्रकने आणून टाकलेला. इथे कुणी नाही."

कुणाची लबाडी नव्हती. फलक लावणाऱ्यांनी तो गाड्या थांबवायला सोयीची जागा पाहून लावला होता, इतकंच. पण आर्डिस माझ्याकडे आली ती रडकुंडीला येऊन. "जन्मभर मी खडीला फुलं वाहिली गं! मग ती आहे कुठे?"

तिने म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं, चर्चमध्ये विचारलं. घर माळाची माती विटांसारखी कापून बांधलेलं होतं, ते पावसाने केव्हाच वितळून गेलं. आजीचं एक वाक्य तेवढं हाती होतं: दारात उभं राहिलं की इंगाची जागा दिसायची, आणि तिच्यामागे ओढा.

त्या हिवाळ्यात लीलंडने कॅफेत सांगितलं की त्याने शेत ट्रेंट बोमरला विकलं. "त्याचा ट्रॅक्टर उपग्रहावर चालतो, आर्डिस. आता होतील ओळी सरळ. हसायला दुसरं कुणी शोध."

कोणीतरी हसलं. आर्डिस हसली नाही.

"लीलंड, तू तिथे का वळवतोस?"

"बाबा वळवायचे."

"ते का वळवायचे?"

"विचारलं नाही. दगड असतील."

"आणि ते शेत तुझ्या आजोबांनी कुणाकडून घेतलं?"

लीलंडचा घास हातातच राहिला. "तुझ्या आजीच्या घरच्यांकडूनच की."

मीही त्यांच्याबरोबर शेतातल्या त्या वळणापाशी गेले. वाळकं गवत बाजूला केलं तर कोपऱ्यांवर शेतातलेच दगड नीट मांडलेले. मधली जागा इतकी लहान की बघवेना. आर्डिस थंड जमिनीवर बसली आणि लीलंडचा बूट धरून रडली. "आणि मी तुला हसत होते!"

"हं," तो म्हणाला. "तू विचारायला जरा उशीरच केलास."

ट्रेंटने दोघांचं ऐकून घेतलं, पण शब्द दिला नाही. "मिसेस हॉवलंड, मशीन सरळ जातं. बघतो काय जमतं ते."

पेरणीच्या दिवशी दोघं लीलंडच्या गाडीत बसून पाहत होती. ट्रॅक्टर सरळ आला, आणखी सरळ आला. आर्डिसने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात आतल्या ट्रेंटने हातात स्टिअरिंग घेतलेलं लीलंडला दिसलं. "उघड डोळे," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा वाकडं वळवलंय."

जूनमध्ये बियाणं विकणारा एक परगावचा माणूस माझ्याकडे कॉफी प्यायला बसला. "त्या ओढ्याकडच्या शेतात उपग्रह झिंगला होता का हो?"

सगळ्यांनी सवयीने आर्डिसकडे पाहिलं. पण बोलला लीलंड, आणि मोठ्याने बोलला.

"तिथे इंगा झोपलीये. सहा वर्षांची. तिथून वळूनच जायचं असतं."