कोहळ्याचा पाठ

आमच्या शाळेत शिकवायला येणाऱ्या बायका शिकवायला येत नसत, शिकायला येत. शेजारीच शिक्षिका तयार करणारी ट्रेनिंगची शाळा होती आणि तिथल्या बायकांना हात बसवायला पोरं लागत. ती पोरं म्हणजे आम्ही. शिकाऊ शिंप्याला चिंध्या देतात तसे आम्ही त्यांना दिलेले होतो. एकीनं वाकडं शिवलं की दुसरी येऊन उसवायची. फी नव्हती, म्हणून अप्पांनी मला तिथं घातलं. मुलीच्या शिक्षणाची त्यांना आवड होती असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे.

हे कुंभकोणम्‌मधलं. घरी आम्ही, गावाच्या तोंडी रायर लोक, मराठी बोलायचो, तंजावरच्या राजांबरोबर आलेल्या लोकांची जुनी मराठी. महाराष्ट्रातली माणसं ती ऐकून अजूनही तोंडावर हात धरून हसतात. मराठी अक्षरं अप्पांनी घरी शिकवली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ, शाळेत तर तमिळच.

मी चौथीत असताना माझी मावशी त्या ट्रेनिंगच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होती. आईची धाकटी बहीण. नवऱ्यानं टाकलेली. का टाकली ते आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. ती आमच्या घरी राहायची, पहाटे दोन्ही चुली पेटवायची, सगळ्यांचं रांधून शाळेला जायची, परत येऊन पुन्हा चुलीपुढे बसायची. अप्पा रोज जेवताना तिच्यादेखत आईला विचारत, "तुझी बहीण आणखी किती दिवस शिकणार?" मावशी ताक वाढत असायची. हात थांबायचा नाही. पास झाली तर सरकारी शाळेत नोकरी आणि स्वतःची खोली. नाही झाली तर आमची चूल, मरेपर्यंत. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. घरात कोणी लपवून बोलत नव्हतं.

त्या वर्षी शाळेत पेट्टी आली. पेट्टी म्हणजे चित्रं दाखवायचं यंत्र. काळा पत्र्याचा डबा, आत झगझगीत दिवा, पुढे भिंग. डब्यात काचेची तबकडी सरकवली की तिच्यावरचं चित्र समोर मोठं होऊन पडायचं. पडदा म्हणजे धुतलेली पांढरी वेष्टी, तिकडचं धोतर, भिंतीला खिळे ठोकून ताणलेली. अंधार व्हावा म्हणून खिडक्यांवर सतरंज्या टांगत. बाहेर ऊन, आत तो दिवा तापलेला, वर आम्ही पोरं एकमेकांना चिकटून बसलेली. पोरांना घाम यायचा आणि टीचरनाही यायचा, आणि मोठ्या टीचर, म्हणजे त्या शाळेच्या मुख्य बाई, दारात उभ्या राहून म्हणायच्या, "बघा, किती आनंदानं शिकतायत!"

आनंद कसला! प्रत्येक शिकाऊ बाईला पेट्टीवर पाठ घ्यावा लागे आणि काचा होत्या मोजक्या: हत्ती, रेल्वेचं इंजिन, माड, गोपुर. सगळ्यांनी त्याच दाखवल्या. तो हत्ती आम्ही इतक्या वेळा पाहिला की त्याच्या कानाला पडलेलं भोकसुद्धा आम्हाला पाठ होतं. आमच्या गावात देवळापुढे खरा हत्ती उभा असायचा, सोंडेनं डोक्यावर थापटायचा, पण शाळेत त्या वेष्टीवरच्या हत्तीकडे बघून "अय्यो!" म्हणायचं. एका बाईनं तर कधी म्हणायचं तेही शिकवलं होतं. "मी खडू खाली ठेवला की म्हणायचं. आधी नाही." काच डब्यात उलटी घालावी लागते, तरच चित्र सुलटं पडतं. घाबरलेल्या बाया सुलटी घालायच्या आणि हत्ती डोक्यावर उभा राहायचा. आम्ही हसलो की छडी. त्यांची चूक, आमची बोटं.

मावशीनं सराव घरी केला. दुपारी मला परसात बसवायची, माझी पाटी उलटी धरून कोनाड्यात सरकवायची आणि भिंतीला विचारायची, "मुलांनो, इथं तुम्हांस काय दिसतें?" ते तमिळमध्ये विचारायची, मग मला मराठीत, "बरें आहे ना गे?"

"भिंत दिसते," मी म्हणायची.

"दिसों दे. हात हालतो का माझा?"

हालत नव्हता. काच घालायला मावशीइतकी तयार कोणीच नव्हती.

परीक्षेच्या दिवशी तंजावरहून परीक्षक आले. जाड, धापा टाकणारा माणूस, काखेत छत्री. त्यांनी आल्या आल्या मोठ्या टीचरना सांगितलं की जिल्हाभर हत्ती बघून माझे डोळे गेले, मी माझ्या काचा आणल्यात. आणि पिशवीतून लाकडी खोका काढला. भिंतीशी बसलेल्या शिकाऊ बायांनी वर्षभर हत्ती घोकला होता.

पहिला पाठ मावशीचा. परीक्षकांनी एक काच काढून तिच्या हातात दिली. काचेवर एवढंसं चित्र, अंधारात तिला काय दिसणार? तिनं ती उलटी धरली, सरकवली, हात हालला नाही. चित्र सुलटं पडलं.

पांढरंफेक, गोल, मोठं काहीतरी. खाली एक काळं भोक. शेजारी कोणीतरी उभं, तोंडाभोवती सगळे केस. असलं काही कुंभकोणम्‌मध्ये कोणी पाहिलं नव्हतं. मावशी बघत राहिली. मी तिसऱ्या रांगेत होते, मला तिचं तोंड दिसत होतं. आणि ती आपल्याशीच, घरच्या भाषेत बोलून गेली, "काय?"

एवढंच. काय.

आता तमिळमध्ये काय् म्हणजे भाजीचं कच्चं फळ. कत्तिरिक्काय् म्हणजे वांगं, वाळैक्काय् म्हणजे कच्चं केळं. टीचर चित्र दाखवून काय् म्हणाली म्हणजे ती भाजी विचारतेय, हे पोरांना लगेच कळलं. पांढरं, गोल, वरून पिठूळ दिसणारं. सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "पूसणिक्काय्!" कोहळा!

"आणि शेजारी माकड!" मागून एक पोरगा.

"कोहळा खायला आलंय!"

"भोक त्यानंच पाडलंय, टीचर!"

भिंतीशी बसलेल्या बायांनी पदर तोंडात कोंबले. मोठ्या टीचरनी दारातून तमिळमध्ये सांगितलं, "पुढे चला, पुढे चला," जणू मावशी रस्ता अडवून उभी होती. मला मात्र एकच दिसत होतं. मावशीनं आता "हो, कोहळा" म्हटलं तर मेली, आणि गप्प राहिली तरी मेली.

मावशी म्हणाली, "कोहळा नाही. पण हे काय आहे ते मला माहीत नाही. साहेबांना माहीत आहे. आपण त्यांना विचारू."

आमच्या शाळेत कोणत्याही टीचरच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. सगळी पोरं गर्रकन परीक्षकांकडे वळली. त्यांना बोलणं भाग पडलं. म्हणाले, हे घर आहे, बर्फाचं, लांबच्या थंड देशातलं, आणि ते माकड नाही, माणूस आहे, कातडं पांघरलेला. मग मावशीनं पोरांना सोडलं. विचारा म्हणाली. आत चूल पेटवली तर घर वितळत नाही का? पाणी कुठून आणतात? भोकातून म्हातारी माणसं आत कशी जातात? परीक्षक सांगत होते, अडत होते, पुन्हा सांगत होते. पोरं गुडघ्यांवर उभी राहिली होती. वर्षभरात त्या पेट्टीतलं मी खरोखर बघितलेलं चित्र ते एकच.

पाठ संपला. परीक्षक व्हरांड्यात आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "शिक्षिकेला एखादी गोष्ट माहीत नसेल तर चालतं. पण ते मुलांना कळता कामा नये. कळलं की वर्ग हातचा गेला."

"गेला नव्हता," मावशी म्हणाली.

"उलट बोलू नका," मोठ्या टीचर म्हणाल्या. "आणि तुम्ही रायर लोकांनी घरची भाषा घरी ठेवून यायची. काय्, काय्! बाजारात आलाय का?"

मावशी नापास झाली. ज्यांना परीक्षकांनी ओळखीच्या काचा दिल्या, गाय, होडी, विहीर, त्या सगळ्या पास झाल्या. त्यांतल्या दोघींचं चित्र डोक्यावर पडलं होतं, तरीही. दुसऱ्या दिवसापासून शाळेतली पोरं मला "पूसणिक्काय् टीचरची भाची" म्हणू लागली. एकीच्या दंडाला मी चावले.

अप्पा जेवताना म्हणाले, "झालं ना शिकून? आता घरात नीट राहा."

यावर आई बोलली, जी कधी बोलत नसे. "तिला आणखी एक वर्ष बसों द्या. एका स्वयंपाकघरांत दोन बायका जन्मभर मला नको." बहिणीच्या प्रेमानं बोलली नाही. पण बोलली, आणि त्यामुळे मावशी पुन्हा बसली.

त्या वर्षात मावशी बदलली. परसातला सराव चालू राहिला, पण आता ती मला प्रश्न विचारायला लावायची. "विचार, कांहीं वेडंवाकडं विचार." मी विचारायची, डोंगराच्या आत काय असतं, माशाला तहान लागते का. ती डोळ्याची पापणी न हलवता उत्तर द्यायची. खरं असो, नसो. थांबायचं नाही, हाच सराव.

पुढच्या वर्षी तेच परीक्षक, तोच खोका. मावशीच्या वाट्याला समुद्रातला दीपस्तंभ आला. तिनं तो ओळखला. एका मुलानं विचारलं, वादळात तेल संपलं तर दिव्यात तेल कोण घालतं? मावशी ताठ मानेनं म्हणाली, "समुद्राच्या दिव्याचं तेल कधी संपत नाही." मुलगा खाली बसला. परीक्षकांनी मान डोलावली.

ती पास झाली. तिरुविडैमरुदूरला नोकरी लागली. आता एकट्या बाईनं परगावी कसं राहायचं, असा प्रश्न अप्पांना पडला. इतकी वर्षं तिच्याबद्दल त्यांना पडलेला हा पहिलाच प्रश्न. त्यांनी त्याचं उत्तरही दिलं. माझी पाचवी झाली होती. मी तिच्याबरोबर जावं, सोबतीला आणि रांधायला. मावशी नको म्हणाली नाही. तिला पहाटे उठून चूल पेटवायची नव्हती, आणि त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. वाटतं ते पुढच्याबद्दल.

आगगाडीत मी तिला विचारलं, "मावशी, मी तिथल्या शाळेंत जाऊं का? सकाळचं रांधून जाईन."

ती खिडकीबाहेर भाताची शेतं बघत होती. वळलीसुद्धा नाही. "तिथं मुलींस पाचवीच्या पुढें वर्ग नाही," म्हणाली. लगेच, न अडखळता.

मी खाली बघितलं. तिला माहीत असणार असं मला वाटलं, टीचर होती ती.

वर्ग होता. काही दिवसांनी पाण्याला गेले तेव्हा कळलं. नदीकडे जायच्या रस्त्यावरच, उघड्या खिडक्यांचा, सकाळी लवकर भरणारा. माझ्याएवढ्या मुली आत बसून भूगोल म्हणत होत्या. घरी येऊन मी घागर खाली ठेवली आणि भात चढवला. मावशी दहा वाजता जेवून शाळेत गेली.