नसलेल्या लग्नाचा आहेर

मी मूळची परभणीची. हिंजवडीतल्या कंपनीत लागून मला अकरा वर्षं झाली, आणि त्यातली सात मारुंजीतल्या एकाच भाड्याच्या खोलीत गेली. लग्न केलेलं नाही. त्यामुळे दिवाळी असो, मे महिना असो, कुणाच्या मुलाची परीक्षा असो, ऑफिसात सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. "तू आहेसच ना?" मी असायचेच. मी रजा घ्यायचे ती घरचं लग्नकार्य किंवा कुणाचं आजारपण असलं तरच. नुसतं मनात आलं म्हणून सुट्टी घेता येते, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

ते शिरवलं घरमालकीण काकूंनी. काकूंचं शेत आता इमारतींखाली गेलंय, जीभ मात्र अजून शेतावरचीच आहे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. काकूंनी विचारलं, "ताम्हिणी बघितलंस का गं?"

"नाही."

"मुळशीचं धरण तरी?"

"नाही."

"सात वर्सं हितं ऱ्हातीयास! लोकं मुंबईवरनं येत्यात बघायला. तू काय कापडं धुवाया आलीस व्हय?"

मला चांगलंच झोंबलं. दुपारपर्यंत धुमसत बसले. मग लक्षात आलं की काकूंवर मी चिडलेच नव्हते. मला खरंच जायचं होतं, आणि तेही एकटीनं. कुणासाठी थांबायचं नाही, कुणाला काय खाणार म्हणून विचारायचं नाही.

पण असलं कारण सांगून रजा मागायची कशी? मॅनेजर मॅडमसमोर तोंडच उघडेना. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, मुहूर्तांचा हंगाम होता. मी दिलं ठोकून, "आतेबहिणीचं लग्न आहे. गुरुवार-शुक्रवार रजा हवी." मला आत्याच नाही.

आमच्या टीममध्ये एक रीत आहे. कुणाच्याही घरी लग्न निघालं की सगळे मिळून आहेर देतात. अकरा वर्षं तो आणायला मीच जात होते, आणि नेमकी हीच गोष्ट विसरले. बुधवारी संध्याकाळी माझ्या टेबलावर चमकीच्या कागदात गुंडाळलेलं भलंमोठं खोकं! "मुलगा काय करतो?" कुणीतरी विचारलं. "असतो कुठेतरी," मी म्हणाले. मंडळी इतकी प्रेमळ की खोकं खाली आणून माझ्या स्कूटीवर पायाशी बसवूनही दिलं.

खोलीत ठेवलं असतं तर काकूंनी शंभर प्रश्न विचारले असते. म्हणून गुरुवारी सकाळी खोक्यासकटच निघाले. घोटवडे फाटा, पौड, आणि मग रस्त्याच्या कडेनं धरणाचं पाणी दिसायला लागलं. मी वाटेल तिथे थांबले. एका ठिकाणी तर अर्धा तास नुसत्या म्हशी बघत बसले. कुणी "चल गं, उशीर होतोय" म्हणालं नाही. इतकी खूश मी कितीतरी दिवसांत झाले नव्हते.

ताम्हिणीत एका ढाब्यामागे खोली मिळाली. ढाबा चालवणाऱ्या ताईंनी पिठलं-भाकरी वाढली आणि रस्त्याकडे बघत विचारलं, "मागनं कोन येतंय का?"

"नाही, एकटीच आहे."

"आन् ही पेटी?"

त्या आपल्या अनोळखी, तेव्हा मी सगळं खरं सांगून टाकलं. ताई पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, "सुट्टी तुझी हाय न्हवं? आमी बी मनात आलं की ढाबा बंद ठिवतो. लगीन हाय म्हनून कुनाला सांगत न्हाई." आम्ही दोघींनी मिळून खोकं उघडलं. आत डझनभर काचेचे पेले होते. त्यातल्याच एकात मी ताक प्यायले. पुढचे दोन दिवस सांगण्यासारखं काही घडलं नाही. चालले, झोपले, डोंगर बघितला, पुन्हा झोपले.

सोमवारी पेले धुऊन-पुसून ऑफिसात नेले, मॅडमच्या टेबलावर ठेवले आणि खरं काय ते सांगितलं. माझ्यावरचा विश्वास गेला तर इतकी वर्षं मिळवलं ते काय, असं वाटत होतं.

मॅडमनी एक पेला उचलून उजेडात धरला. "खोटं बोललीस ते वाईटच," त्या म्हणाल्या. "पण अगं, मला वाटायचं तुला सुट्टी आवडतच नाही. तू कधी मागत नाहीस, म्हणून मी बाकीच्यांच्या रजा तुझ्या जिवावर मंजूर करत आले."

मला हसूही आलं आणि रडूही. अकरा वर्षं मला कुणी धरून ठेवलेलंच नव्हतं.

"आवडते," मी म्हटलं. "फेब्रुवारीत पाच दिवस हवेत. लग्न कुणाचंही नाही."