'मा' म्हणजे संध्याकाळ

तमिळ वाचायला मी बसच्या पाट्यांवरून शिकलो. टी. नगरच्या स्टँडवर उभं राहायचं, पाटी वाचायची आणि बस खरंच तिथे जाते का ते कंडक्टरला विचारायचं. सहा महिन्यांत विचारणं बंद झालं. त्या दिवशी मी गावी आईला फोन करून सांगितलं की मला आता तिसरी लिपी येते. आई सही शिकली तीही माझ्या शाळेच्या दाखल्यासाठी. ती म्हणाली, "मग आता तुला कोणी फसवणार नाही."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. परीक्षेचा अर्ज आमच्या मराठीच्या सरांनी स्वतः तालुक्याला जाऊन आणला होता. वसतिगृह सरकारचं, पुस्तकं सरकारची, नोकरीही सरकारचीच. नेमणूक चेन्नईला मिळाली तेव्हा घरच्यांनी नकाशात शहर शोधलं. छापील फॉर्मबद्दल मला तेव्हा जो आदर होता तो मी आजही खोटा मानत नाही. माझं सगळं आयुष्य कुठल्या ना कुठल्या रकान्यातूनच पुढे सरकलेलं आहे.

आमचं काम देखरेखीचं. विभागाची आरोग्य मंडळं आपली केंद्रं नीट चालवतात की नाही, हे सरकारच्या वतीने जाऊन बघायचं आणि ठरलेला फॉर्म भरायचा. माझे वरिष्ठ तंजावरकडचे मराठी. त्यांची कितीतरी पिढ्यांची घरं तिकडेच. ते माझ्याशी मराठीत बोलत, पण त्यांचं मराठी ऐकताना मला पहिले काही दिवस जुनं पत्र कोणी मोठ्याने वाचत असल्यासारखं वाटे, आणि सूर सगळा तमिळ. मला ते 'तंबी' म्हणत, धाकटा भाऊ.

"तंबी, तू वाचतोस की नाही तमिळ? मग झालं. तू आत बस, मी पाण्याची टाकी बघून येतो म्हणून सांग त्या नर्सला," ते म्हणाले.

हे एन्नोरच्या बाजूला, मच्छीमारांच्या एका वस्तीत. दोन खोल्यांचं आरोग्य केंद्र होतं. सकाळी रुग्ण तपासायची एक बैठक, म्हणजे ओपीडी, आणि संध्याकाळी पाच ते सात दुसरी. संध्याकाळची बैठक नवीन होती. लोक येतात का, हे बघायला आम्ही गेलो होतो. येत नसतील तर ती बंद करून नर्सला दुसरीकडे द्यायची, असं वर ठरलेलं.

नर्स पन्नाशीच्या. गळ्यात चष्म्याची दोरी, तोंडाने फटकळ. मी खुर्चीवर बसतो न बसतो तोच त्यांनी माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला.

"अक्का, मी तपासायला आलोय," मी म्हणालो.

"सगळे तपासायलाच येतात, सार. तपासून घ्यायला कोणी येत नाही. हलू नका."

मग त्यांनी रजिस्टर पुढे टाकलं. मी संध्याकाळचं रजिस्टर मागितलं. त्या एका रडणाऱ्या बाळाला सुई टोचत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "वेगळं कधी आलंच नाही. मागून मागून दमले. यातच आहे सगळं."

मी पानं उलटली. क्रमांक, नाव, वय, गल्ली, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने एकच अक्षर. काही ओळींपुढे 'का', काही ओळींपुढे 'मा'. आजाराचा तपशील रुग्णाच्या कार्डावर असे आणि कार्ड रुग्णाच्या घरी. म्हणजे हाताशी एवढंच.

संध्याकाळला तमिळमध्ये सायंगालम् म्हणतात, हे मला पक्कं माहीत होतं. आपला सायंकाळच तो, म्हणून पहिल्याच आठवड्यात पाठ झालेला. मी 'सा' शोधत राहिलो. एकाही पानावर 'सा' नव्हता. 'का' आणि 'मा' मला लगेच उलगडले. कायच्चल म्हणजे ताप. मात्तिरै म्हणजे गोळी, आपली औषधाची मात्रा. ताप, गोळी, गोळी, ताप. दवाखान्याच्या वहीत दुसरं काय असणार? उलट इतक्या झटकन लागलं म्हणून मला बरंच वाटलं.

अक्कांना पुन्हा विचारता आलं असतं. पण बाळ रडत होतं, दारात रांग होती, आणि शिकवलेलं एकदाच विचारावं ही शाळेतली सवय. शिवाय 'यातच आहे सगळं' हे उत्तर मला प्रत्येक केंद्रात मिळे आणि बहुतेक वेळा त्यात काहीच नसे. मी फॉर्मवर लिहिलं: संध्याकाळची उपस्थिती, निरंक. इंग्रजीत तो शब्द तीन अक्षरांचा आहे, Nil. माझे वरिष्ठ सर टाकी बघून आले, माझ्या सहीखाली त्यांनी सही केली. निघताना अक्का म्हणाल्या, "रक्तदाब छान आहे, सार. लग्न झालेलं दिसत नाही."

पावसाळा आला आणि गेला. मग माझ्या टेबलावर त्याच केंद्राची फाईल परत आली. संध्याकाळची बैठक बंद करण्याचा आदेश पावसाळ्यातच निघाला होता. तो अमलात आला की नाही, हे बघून पूर्ततेचा फॉर्म भरायचा होता. एक रकाना, होय किंवा नाही.

मी एकटाच गेलो, मुद्दाम साडेपाचला. दाराला कुलूप होतं. आदेशाची प्रत चिकटवलेली, तिचा खालचा कोपरा दमट हवेने सुटून फडफडत होता. पायरीवर एक बाई बसली होती. शेजारी माशांची रिकामी पाटी. तिने उजव्या पायाची पट्टी सोडून मांडीवर घेतली होती आणि स्वच्छ बाजू कुठली ते बघत होती. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं.

तेवढ्यात वस्तीतलं काम उरकून अक्का आल्या. खांद्याला पिशवी, बसची घाई. मला बघून थांबल्या.

"या सार. कुलूप नीट लागलंय का बघायला आलात ना? ओढून बघा."

मी फाईल काखेत धरली.

त्या बाईने विचारलं, "हे कोण?"

"हेच ते," अक्का म्हणाल्या. "तुम्ही कोणीच संध्याकाळी येत नाही असं लिहिणारे."

बाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, बस चुकल्यावर लोक रस्त्याकडे बघतात तसं. "मी रोज येत होते," ती म्हणाली. "पहाटेपासून मासळीच्या धक्क्यावर असते, तंबी. सकाळी कशी येणार? साखरेचा आजार आहे, पायाची जखम भरत नाही. अक्का रोज पट्टी बदलायच्या."

मी म्हणालो, रजिस्टरमध्ये संध्याकाळचं काही नव्हतं. अक्कांनी पिशवी खाली ठेवली, कुलूप उघडलं, रजिस्टर आणून पायरीवर पसरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्या बाईचं नाव. पुढे लाल 'मा'. दुसऱ्या दिवशी तेच नाव, 'मा'. तिसऱ्या दिवशी, 'मा'.

"हे काय आहे?"

"मात्तिरै," मी म्हणालो. "गोळी."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि 'का'?"

"कायच्चल. ताप."

त्या हसायला लागल्या. हसता हसता भिंतीला टेकल्या. "अय्यो! म्हणजे ज्यांना ताप त्यांना मी गोळी दिली नाही, आणि ज्यांना गोळी दिली त्यांना ताप नव्हता? असली नर्स मी असते तर वस्तीने मला समुद्रात टाकलं असतं, सार! 'का' म्हणजे कालै, सकाळ. 'मा' म्हणजे मालै."

मालै मला माहीत होता. देवळाबाहेर फुलवाल्या ओरडतात तो, हार. त्याचा अर्थ संध्याकाळही होतो, लिहिताना बहुतेक तोच शब्द वापरतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

बाईलाही हसू आलं असावं, कारण तिने पदर तोंडाला लावला. मग तिने पट्टी उलटी करून पुन्हा पायाला बांधली. अक्कांनी तिचा हात झटकून पट्टी काढून घेतली, पिशवीतून नवी काढली आणि तिथेच पायरीवर बसून जखम धुतली. त्यांची बस गेली. मी बाजूला उभा होतो. काहीतरी वाटायला हवं हे मला कळत होतं. दात काढताना सुई दिल्यावर गाल आपला आहे हे कळतं आणि लागत मात्र नाही, तसं होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी डबा उघडला होता. त्यांच्या घरचं सांबार ते नेहमी मला आधी वाढत. त्या दिवशी डाव हातातच राहिला.

"कालै, मालै," ते पुटपुटले. "मी एक पान उलटलं असतं तर कळलं असतं. मी टाकी बघत बसलो." मग म्हणाले, "लिही. लिहू नको म्हणून मी सांगणार नाही. माझंही नाव घाल."

"पण सर, पूर्ततेचा फॉर्म?"

"बैठक बंद आहे की नाही?"

"आहे."

"मग होय."

मी 'होय' लिहिलं. वेगळ्या कागदावर चूक लिहिली: अमुक अक्षराचा अर्थ मी असा घेतला, खरा अर्थ असा, एवढी नावं संध्याकाळची आहेत, तरी आदेशाचा फेरविचार व्हावा. पान स्वच्छ अक्षरात लिहिलं. आमच्या मराठीच्या सरांनी ते पूर्ण गुणांचं ठरवलं असतं. काही आठवड्यांनी उत्तर आलं. नोंद घेण्यात आली आहे, पुढील नियमित पाहणीच्या वेळी मुद्दा तपासण्यात यावा. मंडळाने अर्ज केल्यास विचार करता येईल. मंडळाला मी फोन केला. ते म्हणाले, वरून आदेश आहे, वरूनच बदलायला हवा. वरून म्हणजे आम्हीच होतो.

गावी बाबा असेच एका बंद दवाखान्याच्या पायरीवर बसलेले मी लहानपणी पाहिले आहेत, हातात इंजेक्शनची चिठ्ठी. तेव्हा मला वाटायचं, ज्याने कुलूप लावलं तो कोणी दुष्ट माणूस असेल. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. ती शेजारणीला सांगत असते की माझा मुलगा दवाखाने तपासतो.

पुढच्या पाहणीला मी गेलो तेव्हा सकाळ होती. या वेळी अक्कांनी आधी रजिस्टर पुढे केलं. "वाचा सार, मोठ्याने. चुकलात तर मी सांगते."

मी वाचायला लागलो. प्रत्येक तारखेला पहिलीच ओळ त्या बाईची होती. पुढे 'का'.

"ही तर सकाळी येत नाही," मी म्हणालो.

"येत नाही. मी जाते. पहाटे, ती धक्क्यावर निघायच्या आधी. पहिल्या बसने येऊन तिच्या दारात पट्टी बदलते आणि मग केंद्र उघडते." त्या औषधाच्या बाटल्या लावत होत्या. "ते दिवस मी जात नव्हते ना, पाऊस होता तेव्हाचे, त्यात दोन बोटं गेली. मोठ्या हॉस्पिटलात काढली. पाय राहिलाय."

मी बोट ओळीवर ठेवून बसलो होतो. फॉर्मात घरी जाऊन केलेल्या उपचारांना रकाना नव्हता. रजिस्टरला धरून बघायचं तर ती बाई सकाळच्या बैठकीला रोज हजर होती, आणि मला पक्कं माहीत होतं की ती नव्हती.

"खोटं आहे ते," अक्का म्हणाल्या. "काढून टाकायचं असेल तर काढा. पट्ट्या आणि औषध कुठे गेलं ते मग तुम्हीच सांगा."

संध्याकाळच्या बैठकीचा मुद्दा मी पुन्हा लिहिला, पहिल्या कागदाची प्रत जोडली. मग सकाळच्या रकान्यावर आलो. एकेक 'का' मोजत गेलो. तिच्या ओळी वगळल्या नाहीत. आकडा लिहिला, खाली सही केली. अक्कांनी तो बघितला, चष्मा खाली सोडला आणि माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"हलू नका," त्या म्हणाल्या.