नोहाच्या गोष्टीचं काळीज कुठं?

बायांनो, मंडळाच्या फळ्यावर हे माझी नात लिहितेय. बोल माझे, अक्षर तिचं, चुकाही तिच्याच.

आज दुपारी बायबलच्या वर्गात पाळकसाहेबांनी नोहाच्या महापुराची, म्हणजे घरच्यांना आणि जनावरांना घेऊन तो तारवात तगला त्या पुराची गोष्ट जिन्यासारखी काढून दाखवली. पाणी चढायचे सात दिवस, चाळीस, दीडशे अशा चढत्या पायऱ्या. मग पाणी ओसरायचे दीडशे, चाळीस, सात अशा उतरत्या. आरशात बघावं तशी. "आणि बरोबर मधे काय? देवानं नोहाची आठवण केली. गोष्टीचं काळीज हेच," म्हणाले.

मी गारच झाले. रविवारच्या शाळेत पोरांना ही गोष्ट तीस वर्षं मीच सांगते, पण उतरत्या पायऱ्या गाळून! पोरं पेंगतात, म्हणून पाऊस थांबला की थेट इंद्रधनुष्य, पुन्हा असा पूर आणणार नाही या देवाच्या वचनाची खूण.

शेजारी मार्था होती. तिच्या फौजेतल्या लेकाचं सहा महिने पत्र नाही. तिलाही मी हेच सांगत आले, "दम धर, शेवटाला इंद्रधनुष्य हाय की."

ती साहेबांना म्हणाली, "आठवण केली तवा पाणी उतरलं हुतं का?"

"नाही बाई. डोंगरसुद्धा बुडालेले होते."

मार्था डोळे पुसत हसली. मला म्हणाली, "ऐकलंस न्हवं? पाणी असतानाच! आन् तू मला नुसतं शेवटाची वाट बघत बसवून ठेवलंस."

माझा मात्र घोळ वाढला. आठवण केली, म्हणजे आधी विसरला होता? साहेब म्हणाले, तसं नाही. मग कसं, ते मला उमगलं नाही.

तुम्हीच सांगा, पुरात अडकल्यावर तुम्हाला आधी काय ऐकावंसं वाटेल? पाणी उतरणार आहे हे, की कुणाच्या तरी ध्यानात तुम्ही आहात हे?