शेजारच्या सीटवर कोणी बसायचं नाही

माझ्या भाऊजींची गाडी बंद पडायची ती नेहमी ठरलेल्या जागीच. शाळेचा कोपरा, पाण्याच्या टाकीचा चढ, इस्पितळाचं फाटक आणि रेल्वेचे रूळ. बाकी गावभर ती निमूट चालायची. जुनी गाडी बंद पडते यात नवल नाही, पण ती पडताना जागा बघत नाही. ही बघायची. आणि त्या सगळ्या जागा माझ्या ताईच्या होत्या. ताई जाऊन वर्ष उलटलं होतं.

ताई गाडी शिकवायची. त्याच गाडीवर. शिकणारा गोंधळला तर आवरता यावं म्हणून शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच बसवून घेतला होता. ताईने कधी आवाज चढवला नाही. तिला चढवावाच लागायचा नाही. आपण भलतंच काही करायला निघालो की आपल्या पायाखालचं पेडल आपसूक खाली जायचं, पाय पोकळीत पडल्यासारखा व्हायचा, आणि मग कळायचं की बाईंनी दाबलं. ती मात्र खिडकीबाहेर बघत बसलेली, जसं काही झालंच नाही. अर्ध्या गावाचे पाय तिने असे वळणावर आणले. मीही त्यातलीच. सख्खी बहीण म्हणून सूट नव्हतीच, उलट चार शब्द जास्त. अजूनही माझ्या स्वतःच्या गाडीत, जिला दुसरी पेडलं मुळात नाहीतच, एखाद्या वळणावर पायाखाली ती पोकळी जाणवते.

भाऊजी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. काचेतला केसाएवढा फरक त्यांच्या बोटांना कळायचा, पण समोरून ट्रक आला की माणूस पांढराफटक. "हा माझा सगळ्यात जुना विद्यार्थी," ताई चारचौघांत सांगायची, "लायसन्स मिळालंय, पास अजून व्हायचाय." भाऊजी हसायचे आणि मान डोलवायचे. ताई शेजारी असल्याशिवाय त्यांनी कधी किल्लीला हात लावला नाही. मी त्यांना किती छळलंय त्यावरून! मेहुणीचा हक्कच तो, आणि मी तो सोडला असता तर ताईलाच वाईट वाटलं असतं.

ती गेल्यावर आम्हाला वाटलं, गाडी आता विकली जाणार. झालं उलटंच. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एका सकाळी भाऊजींनी किल्ली घेतली आणि नातीला शाळेत सोडायला निघाले. नातीला सगळे चिमणी म्हणतात, आणि तिची अखंड बडबड ऐकणारा कोणीही नाव बदलायला सांगणार नाही. तिला सोडायचं, तिला आणायचं, मधल्या वेळात गाडी पुसायची. त्यांच्या दिवसात तेवढंच उरलं होतं. नियम फक्त एक: शेजारच्या सीटवर कोणी बसायचं नाही. चिमणी मागे, भाजीची पिशवी मागे, मीसुद्धा मागे. त्या सीटपुढे ताईचे शिकवायला घालायचे कापडी बूट होते, टाचा दुमडलेले, जसे ती काढून ठेवायची तसेच. सीटला तिच्या बसण्याचा खळगा होता. मी मागे बसले की त्या सीटच्या पाठीकडे बघायचं टाळायची. भाऊजी मात्र तिकडे वळून हळू आवाजात बोलायचे. "सिग्नल पडलाय बघ." "आज ऊन फार आहे." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आणि गाडी बंद पडायची. हिसका द्यायची आणि गप्प. मिस्त्रीने, म्हणजे ताईच्या वेळेपासून ही गाडी सांभाळणाऱ्याने, काय बदललं नाही? प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, वायरी बदलल्या, कार्बोरेटर खोलून धुतला, पुन्हा खोलून पुन्हा धुतला. भाऊजी गाडी त्याच्याकडे ठेवून चालत घरी यायचे आणि तो चालवून बघायचा. टाकीचा चढ, इस्पितळ, रूळ. एकदाही बंद पडायची नाही. भाऊजींच्या हातात आली की दुसऱ्या दिवशी शाळेच्या कोपऱ्यावर ठप्प. शेवटी त्याने हात टेकले. "काका, माझ्या हातून होतं ते सगळं केलं," तो म्हणाला. "आता बाईंचंच काहीतरी असेल." तो थट्टेत बोलला असेल, पण हसला कोणीच नाही.

एकदा स्वयंपाकघरात मी कांदा चिरत होते आणि भाऊजी समोर बसले होते. एकाएकी म्हणाले, "गाडीत बिघाड नाहीये गं."

"मग?"

"तिला तिथे उतरायचं असतं. कोपऱ्यावर तिचे विद्यार्थी उभे राहायचे. टाकीपाशी ती पहिला धडा द्यायची, रुळांपाशी शेवटचा. इस्पितळाचं तर तुला ठाऊकच आहे, तिथून ती परत आलीच नाही. ती गाडी थांबवते, पण मी दार उघडेपर्यंत मागून हॉर्न वाजायला लागतात. मी गडबडतो, किल्ली फिरवतो आणि तिला तशीच परत घेऊन येतो. रोज."

मी कांदा चिरत होते म्हणून बरं झालं. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. माझी बहीण अशी रोज कोणाच्या तरी गाडीत अडकून पडलीय, ही कल्पनाच मला सहन होईना. पण ते इतकं शांतपणे सांगत होते की मी दुसरा कांदा घेतला.

मग ते रुळांचं झालं. चिमणी मागे बसलेली, फाटक उघडं, आणि गाडी बरोबर रुळांवर हिसका देऊन गप्प झाली. किल्ली फिरवली, घरघर, पुन्हा गप्प. फाटकवाला ओरडत धावत आला, दोन माणसांनी मागून ढकललं आणि गाडी पलीकडे गेली. गाडी गेल्यावर बऱ्याच वेळाने आगगाडी आली, पण आली. चिमणीने घरी येऊन ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. माझ्या भाचीचा, तिच्या आईचा, चेहरा उतरला.

"बाबा, डोक्यावरून पाणी गेलं आता," भाची म्हणाली. "रविवारी एकतर गाडी भंगारात जाईल, नाहीतर सोमवारपासून चिमणी शाळेच्या बसने जाईल. दोन्हीपैकी काय ते तुम्ही ठरवा."

"दुरुस्त करून घेतो पुन्हा एकदा," भाऊजी म्हणाले.

"काय दुरुस्त करणार? आता बदलायचं काय राहिलंय?"

चिमणी गेली तर त्यांचा दिवसच जाणार, आणि गाडी गेली तर ताई. रात्रभर त्यांना झोप नसावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा मला फोन आला. "तू ये. माझ्याबरोबर एक चक्कर मार. तू तिची बहीण आहेस, तुला कळेल. मग मी ठरवतो."

मी गेले. सवयीने मागचं दार उघडलं. भाऊजी म्हणाले, "पुढे बस."

कानांवर विश्वास बसेना. मी बूट हळूच एका बाजूला सरकवले आणि बसले. सीट माझ्या मापाची नव्हती. खळगा तिचा होता आणि मी त्याच्या काठावर अवघडून बसले. समोर तिची दोन पेडलं होती, रबर झिजून गुळगुळीत झालेली. मी पाय पोटाशी घेतल्यासारखे मागे ओढून ठेवले. चुकूनही लागायला नको होते.

भाऊजी छान चालवत होते. मला कौतुकच वाटलं. गिअर बदलताना आवाज नाही, थांबताना झटका नाही. मी आतल्या आत ताईला म्हटलं, अगं पास कर की याला. आणि शाळेचा कोपरा आला.

समोरून एक टेम्पो वळत होता. भाऊजींचे खांदे ताठरले. उजवा पाय जोरात ब्रेकवर गेला. डावा पाय मात्र जमिनीवर जसा होता तसाच, दगड. गाडीने हिसका दिला आणि गप्प झाली.

"बघ," ते कुजबुजले. "थांबवली."

मी बघितलं होतं. घाबरलेला माणूस ब्रेक दाबतो, क्लच विसरतो, आणि इंजिन बंद पडतं. गाडी शिकणारा प्रत्येक जण हे करतो, मीही केलं होतं, आणि ताईने पहिल्या महिन्यातच माझी ही खोड मोडली होती. भाऊजींची तिने मोडली नव्हती. जिथे जिथे हा माणूस घाबरतो तिथे तिथे ती नुसता आपला पाय टाकत आली, खिडकीबाहेर बघत. इतकी वर्षं. त्यांना कधी कळूच दिलं नाही.

त्यांनी किल्ली फिरवली आणि आम्ही टाकीच्या चढाकडे निघालो.

चढावर एक बस उतरताना दिसली. पुन्हा तेच, खांदे ताठ, उजवा पाय ब्रेकवर. मी काय करतेय हे कळायच्या आत माझा पाय पुढे गेला आणि ताईचा क्लच दाबला. गाडी थांबली, पण इंजिन चालूच राहिलं. बस निघून गेली.

भाऊजींचा चेहरा असा उजळला की मी तो जन्मात विसरणार नाही. "आली," ते म्हणाले. "ऐकलंस? आली ती!" आणि बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली, माझ्या पायाकडे.

मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

त्यांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. मग म्हणाले, "मी दाबत नाही?"

"नाही, भाऊजी."

"कधीच नाही?"

"बाकी सगळीकडे दाबता. पण जिथे घाबरता तिथे नाही. तिथे ताई दाबायची."

त्यांनी स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं, परक्याचा पाय असावा तसं. "म्हणजे ती गेल्यापासून," ते म्हणाले, "गाडीत ती नव्हतीच."

मिस्त्रीला न सापडलेला बिघाड मला सापडला होता, आणि तो सापडला नसता तर बरं झालं असतं असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. मी रडले. सगळे लपवून रडतात तशी नाही, चांगली हुंदके देऊन. शेवटी त्यांनीच मला रुमाल दिला.

मग दिवसभर आम्ही त्या जागांवरून फिरलो. ते ब्रेक दाबायचे आणि मी ओरडायची, "क्लच!" ताईसारखं गप्प बसून शिकवणं मला कुठून जमणार? इस्पितळापाशी जमलं. मग कोपऱ्यावर. रुळांवर उशिरा जमलं. प्रत्येक जागी जमलं की ते जरा जास्तच म्हातारे दिसायला लागायचे. एकेका ठिकाणाहून तिला आपल्याच पायाने बाहेर काढत होते ते, आणि पाय पुढे टाकताना त्यांना ते कळत होतं. फक्त टाकीच्या चढाकडे त्यांनी पुन्हा गाडी नेली नाही. मीही गळ घातली नाही.

रविवारी सकाळी भाची दारात उभी होती. "काय ठरलं, बाबा?"

"ठरेल रस्त्यात," भाऊजी म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले, मलाही ताकास तूर लागू दिली नव्हती त्यांनी. टाकीच्या पुढे रस्ता फुटतो. एक फाटा मिस्त्रीकडे जातो आणि एक भंगारवाल्याकडे.

"आज तू मागे बस," ते मला म्हणाले.

मी मागे बसले. पुढची सीट पुन्हा रिकामी. ते सीटशी एक शब्द बोलले नाहीत. शाळेचा कोपरा आला, त्यांनी ब्रेक दाबला, डावा पाय हलला. मला मागून दिसत नव्हतं, पण इंजिन चालू होतं. इस्पितळापुढे तेच. मग चढ आला. समोरून काहीच येत नव्हतं, तरी त्यांनी गाडी सावकाश कडेला घेतली आणि टाकीच्या सावलीत थांबवली. इंजिन चालूच. मागे कोणी हॉर्न वाजवणारं नव्हतं.

मग ते वाकले, हात लांब केला आणि शेजारच्या सीटचं दार उघडलं.

ते तसेच वाकून थांबले. दारातून बाहेरचं गवत दिसत होतं, जरा वाऱ्याने हललेलं. आत काही हललं नाही. सीटचा खळगा होता तसाच होता. तरी मला शपथेवर विचाराल तर मी सांगेन, उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ भाऊजी थांबले. ना कमी, ना जास्त. कुठल्याही घाईतल्या माणसाला तो वेळ असा अचूक कळला नसता.

मग त्यांनी दार लावून घेतलं. खाली नजर गेली तसे म्हणाले, "बूट विसरली."

आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ये," म्हणाले, "पुढे बस. मिस्त्रीकडे पोचलो की ती पेडलं काढायला सांगायचीत. सोमवारी चिमणी पुढे बसेल, तिचे पाय मध्ये येतील."

मी उतरून पुढे बसले, बूट मांडीवर घेतले. भाऊजींनी क्लच दाबला, गिअर टाकला आणि आम्ही चढ चढून गेलो.