गाळ शिंपल्यांच्या माथी

सिंगापूरच्या पूर्व किनाऱ्याजवळ एका जेटीसाठी समुद्राचा तळ खणायचं काम चालू आहे. सरकारने परवानगी देताना अट घातली आहे : पाण्याचा गढूळपणा ठरावीक मर्यादेवर गेला, की खणणं थांबवायचं आणि पाणी निवळल्यावरच पुन्हा सुरू करायचं. तो गढूळपणा मोजायला पाण्यात पिवळे बोये सोडलेत आणि त्यांच्या खाली सेन्सर लटकतात. आलेले आकडे तपासून अहवाल लिहिणं हे माझं काम. कंत्राटदार आमच्या कंपनीला पैसे देतो आणि आम्ही त्याच्यावर नजर ठेवतो. हे वाक्य मी इतकी वर्षं लोकांना न हसता सांगत आलो आहे.

सेन्सरच्या काचेवर बारीक शिंपले चिकटतात. काच झाकली गेली, की पाणी स्वच्छ असूनही आकडा चढतो. हे खरंच घडतं, आणि खरंच घडतं म्हणूनच ते इतकं सोयीचं आहे. आकडा मर्यादेवर गेला, की आमच्याकडे कोणीतरी म्हणतो, 'शिंपले असतील.' मग पाणबुडा जाऊन काच पुसतो, चढलेले आकडे 'सदोष' म्हणून वगळले जातात आणि अहवालात अटींचं पूर्ण पालन झाल्याचं येतं. मागच्या अहवालात मीही असे आकडे वगळले. आलेख उघडून पाहिलासुद्धा नाही.

तो उघडायला लावला बायकोने. पहाटेच्या मोठ्या ओहोटीला काही हौशी मंडळी किनाऱ्यावर उतरून समुद्री गवताची पाहणी करतात, त्यांच्यात ती जाते. एकदा परत आली ती चिखलाचे बूटही न काढता बेडोकच्या आमच्या फ्लॅटच्या दारातच उभी राहिली.

"तुझे ते पिवळे बोये आहेत ना, त्यांच्या अलीकडचं गवत गेलं. नखाएवढी पानं असतात ती. सगळ्यांवर गाळ बसलाय, दुधावर साय धरावी तसा. तुम्ही तिथे मोजता काय नक्की?"

"आकडे मर्यादेतच आहेत," मी म्हणालो.

"मग गाळ काय मी नेऊन टाकला?"

त्या दिवशी मी ऑफिसात जाऊन आलेख उघडला, या वेळचा आणि मागचाही. शिंपले चिकटले, की आकडा हळूहळू चढत जातो आणि काच पुसेपर्यंत खाली येत नाही. हे मी नव्या मुलांना स्वतः शिकवतो. इथे आकडा सकाळी खणणं सुरू झालं की चढत होता, संध्याकाळी तळ खणणारं जहाज, म्हणजे ड्रेजर, थांबला की उतरत होता आणि रविवारी सपाट. शिंपले संध्याकाळी घरी जात नाहीत. त्यांना रविवारची सुट्टी नसते. एवढं कळायला माझी पदवी लागत नव्हती, फक्त बघायला हवं होतं. आधी माझाच राग आला. मग ज्यांनी मला न बघण्याची सवय लावली त्या सगळ्यांचा आला, आणि तो जास्त सोपा होता.

कंत्राटदाराचा प्रोजेक्ट मॅनेजर माझा मित्र. पुण्याचाच. आमच्यानंतर वर्षभराने तो इथे आला, त्याला पहिला फ्लॅट मी शोधून दिला. त्याच आठवड्यात त्याच्या ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत गणपती होते. दरवर्षी शाडूची मूर्ती, विसर्जन बाल्कनीत बादलीत. आरती झाल्यावर तो जमलेल्या मुलांना सांगत होता, "आपल्या बाप्पाचा एक कणसुद्धा समुद्रात जाता कामा नये. माती विरघळली, की झाडांना घालायची." मुलं मान डोलवत होती. माझी मुलगी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल व्हेरी ग्रीन, लाह." मी हातातला मोदक परत ताटलीत ठेवला.

निघताना त्याने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"ते आकडे शिंपल्यांचे आहेत ना?"

"नाहीत."

"मागच्या वेळी तूच लिहिलं होतंस."

"मागच्या वेळी मी बघितलं नव्हतं."

"मग आताही नको बघूस. या वयात डोळ्यांना त्रास होतो." तो हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसलो नाही, तसा त्याचा आवाज खाली आला. "अरे, गाळ अडवणारा पडदा एका बाजूला फाटलाय. शिवून घेतोच आहे. तेवढ्यासाठी ड्रेजर उभा करायला लावू नकोस, माझी मान जाईल. आपणच आपल्या माणसाचं असं करायचं?"

म्हणजे पडदा फाटलाय हे त्याला माहीत होतं. बादलीतल्या मूठभर मातीची काळजी करणारा हा माणूस रोज ढिगाने गाळ त्या गवतावर सोडत होता. आणि मी काय केलं? त्याच्या बायकोने बांधून दिलेल्या प्रसादाचा डबा घेऊन "येतो" म्हणालो. घरी जाताना मेट्रोत तो डबा मांडीवर धरून बसलो होतो.

अहवालात मी एकही आकडा वगळला नाही. मागच्या अहवालातून वगळलेलेही परत घातले आणि ते मी न तपासता वगळले होते, असं लिहिलं. आमच्या साहेबांनी 'तपासणी चालू आहे' असं घालायला सुचवलं. मी म्हटलं, तपासणी झाली, ती मीच केली. ड्रेजर थांबला. पडदा बदलला. काम पुन्हा सुरू झालं आणि आता सगळे खूश आहेत : अटींचं पालन होतंय, व्यवस्था कशी चोख चालते बघा! मला त्या कामावरून हलवलं. मित्राची मान शाबूत आहे. तो फक्त माझ्याशी बोलत नाही.

व्यवस्था चोख म्हणे! बायकोच्या बुटांना चिखल लागला नसता, तर आजही शिंपलेच दोषी असते.

ऋतू बदलला, तशी आता मोठी ओहोटी पहाटेऐवजी संध्याकाळी येते. परवा मी तिच्याबरोबर पहिल्यांदा तिथे उतरलो. इतकी वर्षं त्या पाण्याचे आकडे वाचले, पण पाय कधी घातला नव्हता. गवत होतं तिथे करडा थर होता. त्यात बोट घातलं, तर खाली काळी पडलेली पानं लागली. एका ठिकाणी थोडं हिरवं दिसलं. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्याच्यावरचा गाळ बाजूला करू लागलो.

"सोड," ती म्हणाली. "उपटून येईल ते."

मी हात काढले. पाणी वर चढू लागलं, तसा मी तिच्या पावलांवर पाऊल ठेवत किनाऱ्याकडे निघालो.